मागच्या डाव्या चाकाचे नट दर दीडशे किलोमीटरला ढिले: तोरणमाळच्या आधी काय काय तपासू?

काळीमाती (चोपडा)

नमस्कार मंडळी. गाडी पेट्रोल ४×४, ५ स्टड (चाक बसतं ते बोल्ट), पीसीडी (स्टडच्या वर्तुळाचा व्यास) १३९.७ मिमी, स्टड १२ × १.२५ (जाडी आणि दोन आट्यांमधलं अंतर, मिमी). चाकाच्या स्टीलच्या डिस्क (रिम) काढून अलॉय बसवले, टायर २१५/७५ आर १५. अलॉय जुने घेतले होते, त्यांना नवीन पावडर कोटिंग करून घेतलं.

मागच्या डाव्या चाकाचे ५ पैकी २-३ नट दर १५०-२०० किलोमीटरला सैल सापडतात. बाकीची तीन चाकं ठीक. दोनदा पंक्चरवाल्याकडे एअरगनने मारून घेतले, एकदा पान्याला पाइप लावून वर उभं राहून आवळले. फरक शून्य. हळू चालवताना, विशेषतः वळणावर, मागून ‘टक-टक’ येतं. ८०च्या पुढे येत नाही.

पुढच्या आठवड्यात शहाद्याहून तोरणमाळ आणि पुढे धडगाव-मोलगी करायचं आहे. गाडीत घरचे पाच जण. नट नवीन घेऊ का? एकाने सांगितलं, आट्यांना थोडं ऑइल लाव म्हणजे पूर्ण खाली बसतील. बरोबर आहे का?

घाटवाट

भाऊ, आधी गाडी उभी करा. कारण सापडेपर्यंत चोपडा-शिरपूरसुद्धा नको, तोरणमाळचा घाट तर लांबच. ऑइल अजिबात लावू नका.

चाक काढा आणि पाच गोष्टी बघून इथे लिहा:

१) नटाची बैठक कशी आहे: शंकूसारखी उतरती, चेंडूसारखी गोल, की सपाट वायसरची? अलॉयच्या भोकाचा खळगा कसा आहे?
२) नट हाताने लावल्यापासून घट्ट होईपर्यंत किती पूर्ण फेरे फिरतो?
३) हब (गाडीकडचा भाग, ज्यावर चाक बसतं) आणि अलॉय यांच्यामध्ये काय आहे? गंज, माती, रंग, स्पेसर (चाक बाहेर सरकवायची चकती), काहीही.
४) स्टडच्या आट्यांवर चमकणारी, घासलेली जागा आहे का?
५) नट उघडे आहेत की टोपीचे?

पान्हापेटी (भुसावळ)

घाटवाट यांनी विचारलेलं तपासून या. तोवर नट ढिला का होतो ते सांगतो, कारण ‘अजून जोरात आवळा’ हा सल्ला बहुतेक वेळा इथेच चुकतो.

चाक नटावर टांगलेलं नसतं. नट आवळला की स्टड रबरासारखा किंचित ताणला जातो आणि तो ताण अलॉयला हबवर दाबून धरतो. गाडीचं वजन, ब्रेक, खड्ड्याचा दणका हे सगळं त्या दोन सपाट तोंडांमधलं घर्षण सोसतं. १२ मिमीच्या स्टडला कोरड्या आट्यांवर १०० न्यूटन-मीटर (आवळण्याच्या जोराचं, म्हणजे टॉर्कचं माप) लावले की साधारण ४ टन दाब तयार होतो. पाच स्टडचा मिळून २० टन. एवढा दाब टिकला तर अलॉय हबवर केसभरही सरकत नाही आणि स्टडला आडवा मार लागतच नाही.

आता खरी नाजूक जागा. ४ टन ताणाखाली हा आखूड स्टड किती लांबतो? जेमतेम ०.०४ ते ०.०५ मिलिमीटर. पावडर कोटिंगचा एक थर ०.०६ ते ०.०८ मिमीचा असतो. म्हणजे नटाच्या बैठकीत किंवा हबच्या तोंडाशी रंग असेल, आणि गाडी चालून तो दबला किंवा फुटला, की स्टडचा सगळा ताण संपला. नट एक अंशही न फिरता ढिला. मग अलॉय हबवर सरकायला लागतं आणि त्या सरकण्याने नट फिरू लागतो. आपल्याकडची काळी माती हेच करते. पावसात चिकटते, उन्हात विटेसारखी कडक होते. त्या थरावर चाक आवळलं तर पान्याला घट्ट लागतं, पण दगडांच्या रस्त्यावर दहा किलोमीटरमध्ये तिचा भुगा होतो.

एअरगन आणि पाइपने काम का झालं नाही तेही यातच आलं. उलट नुकसान झालं असणार. ७० किलोचा माणूस ६० सेंटीमीटरच्या पाइपवर उभा राहिला की ४०० न्यूटन-मीटरच्या वर जातं, गरजेच्या चौपट. ८.८ दर्जाच्या १२ मिमी स्टडची ताकद ६ टनांच्या आसपास संपते. त्यापुढे तो कायमचा लांबतो, आटे ओढले जातात. असा स्टड पुन्हा कधीच नीट दाबून धरत नाही. पान्याला घट्ट लागतो, आतून मात्र मेलेला असतो.

ऑइलचं म्हणाल तर तुम्ही लावलेल्या जोरातला ९० टक्के भाग घर्षणात जातो, फक्त १० टक्क्यांचा ताण होतो. ऑइलने घर्षण कमी झालं की तोच १०० न्यूटन-मीटरचा आकडा ४ऐवजी साडेपाच टन किंवा त्याच्याही वर नेतो. कंपनीचा आकडा कोरड्या, स्वच्छ आट्यांसाठी असतो. आटे तारेच्या ब्रशने साफ करायचे, फडक्याने पुसायचे, बस. हबच्या मधल्या गोल उंचवट्यावर, जिथे अलॉयचं मोठं भोक बसतं, तिथे बोटाने ग्रीसचा पातळ थर चालतो. म्हणजे पुढच्या वेळी चाक चिकटून बसत नाही. सपाट तोंडावर, आट्यांवर, नटाच्या उतारावर नाही.

काळीमाती

चाक काढलं. जे दिसलं ते लिहितो.

नट शंकूचे, उघडे. अलॉयचा खळगाही शंकूचा, पण आतून काळ्या कोटिंगने रंगलेला. दोन खळग्यांत रंग उडून चकचकीत धातू दिसतोय, आणि एक भोक किंचित लांबट वाटतंय. हबच्या तोंडावर गंजाच्या पापुद्र्या आणि मातीचा थर. अलॉयमागे ५ मिमीचा सैल स्पेसर निघाला, हा मला माहीतच नव्हता. त्यातही एका बाजूला माती. नट ६ फेऱ्यांत घट्ट होतो. तीन स्टडच्या आट्यांवर मध्येच चपटी, चमकणारी जागा आहे. स्पेसर बाकीच्या तिन्ही चाकांना नाही.

घाटवाट

सगळं यातच आलं.

६ फेरे गुणिले १.२५ म्हणजे साडेसात मिलिमीटर पकड. निदान स्टडच्या जाडीइतकी, म्हणजे १२ मिमी हवी. १.२५च्या आट्यांना १० फेरे, १.५च्या आट्यांना ८. मारुती-सुझुकीच्या गाड्यांना १२ × १.२५ येतात, टोयोटाला १२ × १.५, दुसऱ्या गाडीचा नट उचलून लावला तर दोन-तीन फेऱ्यांत अडतो, आणि तिथे एअरगन चालवली की आटे कापले जातात. म्हणून पहिले चार-पाच फेरे नेहमी हाताने, पाना न लावता.

५ मिमीच्या स्पेसरने तुमचे ४ फेरे खाल्ले. शिवाय दोन तोंडांची चार तोंडं झाली, प्रत्येकात माती बसायला जागा. आणि स्पेसर जाड असेल तर हबचा मधला उंचवटा अलॉयच्या भोकापर्यंत पोचत नाही, म्हणजे चाक मध्यावर फक्त नटांच्या भरवशावर बसतं. स्पेसर काढून टाका. मग चाक हाताने फिरवून बघा, टायर आत पाट्याला किंवा ब्रेकच्या पाइपला घासत नाही ना. मागची एक बाजू दाबून, म्हणजे ते चाक विटांवर चढवूनही बघा. घासत असेल तर त्या ऑफसेटचा (चाक हबपासून किती आत-बाहेर बसतं ते माप) अलॉय तुमच्या गाडीचा नाही. स्पेसरने तो तुमचा होत नाही.

लांबट झालेल्या भोकाचा अलॉय परत लावू नका. वेल्डिंग करून खळगा भरून देतात, तेही नको. स्टेपनीची स्टीलची डिस्क असेल तर ती लावा.

पान्हापेटी (भुसावळ)

स्टडबद्दल मी ठाम आहे: त्या चाकाचे पाचही बदला, नटही पाचही नवीन. तीनच बदलून दोन ठेवले तर ते दोन सगळ्यात आधी तुटतील. सैल चाकात स्टड प्रत्येक फेऱ्याला एकदा वाकतो. तुमच्या टायरचा घेर सुमारे २.२ मीटर, म्हणजे किलोमीटरला साडेचारशे फेरे. शिरपूरपर्यंत जाऊन आलात तरी हजारो वेळा वाकला. चीर मुळाशी, हबच्या आतल्या बाजूला पडते, बाहेरून दिसत नाही. तुटलेल्या स्टडचं तोंड बघा: गुळगुळीत, शिंपल्यासारख्या गोल रेषा असतील तर तो थकून तुटला, सगळं खरखरीत दाणेदार असेल तर एका झटक्यात, जास्त आवळून.

बदलताना:

ड्रम काढा. जुना स्टड प्रेसवर किंवा सी-क्लॅम्पसारख्या पुलरने मागे ढकला. हातोड्याने ठोकून निघतो, पण त्याचा मार बेअरिंगवर जातो. मेकॅनिक ठोकायला लागला तर थांबवा. नवीन स्टड घेताना जुना सोबत न्या आणि मानेजवळच्या दात्यांचा व्यास व्हर्नियरने जुळवा. दाते थोडे जरी बारीक असले तरी स्टड हबमध्ये फिरतो, मग नट सुटतही नाही आणि आवळतही नाही. नवीन स्टड मागून घाला, बाहेरून तीन-चार जाड वायसर, त्यांवर एक जुना टाकाऊ नट सपाट बाजू आत करून. हे एकच काम आहे जिथे त्या टाकाऊ नटाला आणि वायसरना ग्रीस लावायचं. हळूहळू आवळत स्टड आत ओढा, मागे डोकं फ्लँजला (हबच्या तबकडीला) पूर्ण टेकेपर्यंत. टेकलं की नाही ते मागून टॉर्च लावून डोळ्यांनी बघा. अर्धा मिलिमीटर राहिला तर तो पुढे रस्त्यावर बसेल आणि नट ढिला पडेल. नंतर आट्यांवरचं ग्रीस पेट्रोलने पुसून टाका.

तापीकाठ (रावेर)

साफसफाई आणि आवळण्याचं मी घेतो.

हबचं तोंड, ड्रमचं तोंड, अलॉयची मागची बाजू: तारेचा ब्रश, मग ८० नंबरचा पॉलिश पेपर. बोट फिरवल्यावर काही लागता कामा नये. खळग्यातलं कोटिंग पेंट रिमूव्हरने काढा, पेपरने घासून खळग्याचा कोन बिघडवू नका. चारही चाकांचं काढा, कारण कोटिंग चारही अलॉयना झालंय. बाकीची तीन फक्त अजून सुटली नाहीत एवढंच.

आवळणं: चाक हवेत असताना नट हाताने लावा, चाक हलकं हलवत बसवा. ५ नटांना चांदणीचा क्रम, एक सोडून एक: १-३-५-२-४. पहिली फेरी ३० न्यूटन-मीटर, दुसरी ७०. मग जॅक उतरवून टायर जमिनीला टेकवा आणि शेवटची फेरी पूर्ण आकड्याला. आकडा तुमच्या गाडीच्या पुस्तकात बघा. १२ मिमीच्या स्टडला बहुतेक ९० ते ११० न्यूटन-मीटरच्या दरम्यान असतो. एक नट एकदम पूर्ण आवळला तर चाक तिरकं बसतं आणि समोरचा नट खोटा घट्ट लागतो.

टॉर्क रेंच घ्यायचा असेल तर अर्धा इंच ड्राइव्हचा, ४० ते २०० न्यूटन-मीटरचा पुरतो. मूठ धरून सावकाश ओढायचा, एक ‘टक’ आली की थांबायचं. दोन-तीनदा टक-टक करत बसलं की प्रत्येक वेळी थोडं जास्त आवळलं जातं. त्याने नट सोडवायचे नाहीत, आणि ठेवताना सेटिंग सगळ्यात खाली आणून ठेवायचं.

रेंच नसेल तर घरातला कापूस मोजायचा ताणकाटा काढा. पान्याच्या दांड्यावर नटाच्या मध्यापासून बरोबर ५० सेंटीमीटरवर खूण करा, तिथे दोरीने काटा अडकवा आणि दांड्याला काटकोनात ओढा. २० किलोला ९८ न्यूटन-मीटर होतात. गणित सोपं आहे: किलो × मीटर × ९.८१. दांडा आडवा ठेवून काटा खालच्या दिशेने ओढला तर काटकोन आपोआप साधतो. नट सरकत असतानाचा आकडा धरायचा. अडकलेला नट सुटतानाचा झटका नाही. गाडीसोबत आलेला पाना ३० सेंटीमीटरचा असेल तर तेवढ्यालाच ३३ किलो लागतात. म्हणूनच बारीक अंगाच्या माणसाचे नट कमी आवळले जातात आणि दांडगा माणूस पायाने मारतो तेव्हा जास्त.

नंतर ५० किलोमीटरला पुन्हा तपासा, मग २००ला. नवीन स्टडसाठी हे चुकवू नका. तपासताना आधी ढिला करून परत आवळायचं नाही; ठरलेल्या आकड्याला रेंच लावायचा, नट फिरला नाही तर ठीक. फिरला तर थंड झाल्यावर पुढच्या ५० किलोमीटरला परत. घाट उतरून आल्या आल्या ड्रम तापलेला असताना शेवटचा टॉर्क लावू नये, तापलेल्या धातूवरचा आकडा थंडीत बदलतो. सैल सापडलाच तर अर्थात लगेच आवळा, आणि थंड झाल्यावर पुन्हा बघा.

केळीपट्टा

ट्रॅक्टर-ट्रॉलीवाल्यांसाठी जोडतो, कारण रावेर-यावलच्या पट्ट्यात केळीच्या ट्रॉल्यांची हीच बोंब असते. ट्रॉलीच्या डिस्कची भोकं पुष्कळ वेळा गोल खळग्याची असतात आणि दुकानात शंकूचा नट मिळाला की तोच लावला जातो. शंकू गोल खळग्यात फक्त एका रेषेवर टेकतो, पूर्ण बैठक मिळत नाही. ती रेष डिस्कवर उमटलेली दिसते. नट आणि डिस्क एकाच जातीचे पाहिजेत, बाकी मग.

जुन्या जीपवाल्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं: विलीजच्या घराण्यातल्या जुन्या जीपच्या डाव्या चाकांना उलटे आटे असतात, स्टडच्या टोकावर इंग्रजी एल कोरलेला असतो. तो नट सोडवताना नेहमीच्या दिशेने जोर लावला तर उलट आवळतो आणि स्टड तुटतो. मध्येच कोणी स्टड बदलले असतील तर एकाच चाकावर दोन्ही जातीचेही सापडतात.

काळीमाती

खूप आभार. अलॉय बाजूला ठेवले, चारही स्टीलच्या डिस्क परत लावतोय, स्टड-नट पाचही नवीन. दोन शंका. टक-टक नटाचीच होती की बेअरिंगची, हे कसं ठरवायचं? आणि धडगावकडे मध्येच कुठे हे झालं तर?

घाटवाट

चाक हवेत घ्या, दुसऱ्या बाजूला दगड किंवा लाकडी ओंडका लावून. वर-खाली, घड्याळातल्या १२ आणि ६वर, दोन्ही हातांनी धरून आलटून-पालटून ढकला. दुसऱ्या माणसाने ब्रेक दाबायचा. ब्रेक दाबूनही डिस्क हलते पण ड्रम हलत नाही, तर नट ढिले. डिस्क आणि ड्रम दोन्ही एकत्र हलतात आणि ब्रेक दाबल्यावर थांबतात, तर बेअरिंग. पुढच्या चाकांना ब्रेक दाबल्यावरही प्ले (ढिलेपणा) राहिला तर बॉल जॉइंट किंवा किंगपिनकडे, म्हणजे चाक वळतं त्या सांध्यांकडे बघा. आवाजातही फरक असतो: बेअरिंग वेग वाढला तसं घुमतं, ढिलं चाक हळू वेगात टकटकतं आणि वेगात दबून गप्प होतं. तुमचं ८०च्या पुढे येत नव्हतं ते यामुळेच. आवाज बंद झाला म्हणजे बरं झालं असं तिथे कधीही समजू नका. ढिलं चाक वेगातच निघून जातं.

डोळ्यांनी ओळखायचं तर स्टीलच्या डिस्कवर नटापासून बाहेर पसरलेले गंजाचे तांबडे ओघळ, अलॉयवर नटाभोवती काळी पूड. रोज सकाळी निघताना चार चाकांना अर्धा मिनिट पुरतो.

डोंगरात झालं तर: नट हरवले असतील आणि स्टड धड असतील, तर बाकीच्या तिन्ही चाकांचा एकेक नट काढून त्याला लावा. पाचही हरवले असतील तर त्याला तीन होतात, बाकीच्यांना चार-चार उरतात. ३०-४०च्या वेगाने, दर १० किलोमीटरला उतरून बघत, जवळच्या मोठ्या गावापर्यंत. एक स्टड तुटला असेल तरीही तेवढंच. शेजारशेजारचे दोन तुटले असतील तर गाडी चालवायची नाही, ट्रॅक्टर किंवा पिकअप बोलवायची. त्या चाकावर दगडांच्या उतारावर ब्रेक मारला की उरलेले तीन एकत्र जातात.

सोबत ठेवायचं: ३ जादा नट, २ जादा स्टड, तारेचा ब्रश, तुमच्या नटाला बसणारा सॉकेट, ५० सेंटीमीटरचा दांडा, आणि जॅकखाली ठेवायला एक फूट चौरस फळी, काळ्या मातीत फळीशिवाय जॅक आत जातो, चाक वर येत नाही.

काळीमाती

ट्रकवर असतात ते पिवळे प्लॅस्टिकचे बाण लावू का?

पान्हापेटी (भुसावळ)

लावा, पण ते काय सांगतात ते लक्षात ठेवा: नट फिरला की नाही एवढंच. वर लिहिलंय तसं रंग दबून ताण गेला तर नट न फिरताही ढिला असतो आणि बाण जागच्या जागी दिसतो. त्याच कामाला पेंट मार्करची एक पांढरी रेघ पुरते. शेवटचा टॉर्क झाल्यावर नटावरून डिस्कवर ओढा, दोन्हीकडे सलग. मातीने झाकली गेली तर बोटाने पुसून बघा. ५० आणि २०० किलोमीटरची तपासणी मात्र रेंचनेच.